धुण्याचा ओटा

पादाली, जि. सोप्पेंग
८ मे १९९३

चि. अस्रुल,

आज तुझ्या मामीच्या, बेस्सेच्या चाळिसाव्याचे जेवण झाले. सकाळी मी तळ्यावरून मासे आणले. दुपारी इमामांनी येऊन पढले. माणसे जेवली, शेजारच्या बायकांनी भांडी घासली, दिवस मावळायच्या आत सगळे गेले. ऊन होते.

तुझे पत्र मिळाले. त्यात मामीसाठी दोन ओळी आहेत आणि घरासाठी चार पाने. दोन ओळींबद्दल आभारी आहे. तू बांडुंगला घरांवर संशोधन करतोस हे ठाऊक होते. हलत्या घरांवर करतोस हे आता कळले. आपल्याकडे शुक्रवारी नमाजानंतर माणसे जे काम करून जेवून घरी जातात, त्याला शिष्यवृत्ती मिळते हे ऐकून बरे वाटले. शेजारचे घर उचलायच्या वेळी तू आंब्याच्या झाडावर चढून लपायचास, हे मात्र तुझ्या प्राध्यापकांना सांगू नकोस.

तू विचारले आहेस की गावात एवढ्यात एखादे घर हलणार आहे का. आहे. हेच.

आज पंगतीतच ठरले. हस्ना, तुझ्या मामीची धाकटी बहीण, मला अजून दाएंग म्हणते, थोरल्या भावाला म्हणावे तसे. मासा वाढता वाढता म्हणाली, "दाएंग, घर आईनं बांधलेलं. आईचं ते ताईला आलं. ताईला मूल नाही. आता ते लोम्पोला आमच्याकडे यायला हवं, नाही का? पोरीचं लग्न आहे."

मी म्हणालो, "न्या."

इमामांच्या तोंडात घास होता, तरी ते म्हणाले, "धर्माप्रमाणे निम्मं या रप्पेचं आहे हो."

यावर हस्नाचा नवरा बेद्दू म्हणाला, "मग जिना आणि चूल तुमची, दाएंग. बाकीचं आम्ही नेतो." सगळे हसले. मेलेल्याच्या घरी इतका वेळ गंभीर राहून माणसे कंटाळली होती, त्यांना हसायला काहीतरी हवेच होते.

मी माझा हिस्सा मागितला नाही. मागितला असता तर कदाचित मिळाला असता. पण मागून मिळालेल्या घराचा जिना रोज चढायचा म्हणजे रोज हात पसरल्यासारखे.

आपल्याकडे घर जंगम आणि जमीन स्थावर, हे तुला ठाऊक आहे. घर तिच्या माहेरचे, जमीन माझी. मोजणी खात्यात आयुष्य गेले, इतरांच्या बांधांवरून उन्हात फिरलो, त्यातून ही एक माझी झाली. भात कापून शेते कोरडी झाली की लोम्पोची माणसे येतील आणि घर खांद्यावर घेऊन जातील. मग माझ्याकडे एक चौकोन उरेल. त्याची मोजणी मला सोपी जाईल.

प्रकृतीस जप.

तुझा मामा,
रप्पे

*

बांडुंग
२२ मे १९९३

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि लगेच प्राध्यापक विर्योंकडे धावलो. तुम्हाला कल्पना नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे! मी गेलं वर्षभर कागदावर फिरतोय: गवताळ मुलुखातले नमद्याचे तंबू, उंटांवरची घरं, समुद्रावरच्या लोकांच्या नावा. आणि खरंखुरं अख्खं घर, खांबांसकट, छपरासकट, शंभर माणसांच्या खांद्यावरून शेतं ओलांडणार ते माझ्या मामाच्या अंगणातून! प्राध्यापक म्हणाले, "अस्रुल, तुझं नशीब फळफळलं."

माझा सिद्धांत असा आहे: घर म्हणजे जागा नव्हे, घर म्हणजे नातं. उंच घर पेलणारे खांब जमिनीत रोवलेले नसतात, धोंड्यांवर नुसते टेकलेले असतात, कारण आपल्या पूर्वजांना जमिनीचा लोभ नव्हता. म्हणून तुम्ही दुःख करू नका. सिद्धांताच्या दृष्टीनं पाहिलं तर तुम्ही काहीच गमावत नाही आहात. घर तेच राहतं, फक्त ठिकाण बदलतं.

दोन विनंत्या आहेत. एक, ते सुटं करून नेऊ देऊ नका. बेद्दूमामा आळशी आहेत, ते फळ्या काढून ट्रकात घालतील. घर अख्खंच गेलं पाहिजे. दुसरी, तुमच्या हातचा नकाशा पाठवा. घराच्या खालचा, सगळ्या खांबांचा, मापांसहित. तुमच्यासारखा नकाशा इथले विद्यार्थी काढू शकत नाहीत.

मी कॅमेरा घेऊन येणारच.

तुमचा,
अस्रुल

ता.क. मामी फार चांगल्या होत्या.

*

पादाली
९ जून १९९३

चि. अस्रुल,

सोमवारी नकाशा काढला, सोबत जोडला आहे. काल शेजारच्या रानात कापणी झाली. आज सकाळपासून गावभर भाताची धूळ आहे.

तू लिहितोस की फक्त ठिकाण बदलते. घराचे बदलते. माझे बदलत नाही, एवढीच अडचण आहे. पण तुझ्या सिद्धांतात घरात राहणारा माणूस कुठे धरला आहे ते मला सापडले नाही. तो बहुधा सामानात येत असावा.

पूर्वजांना जमिनीचा लोभ नव्हता असेही तू लिहिले आहेस. मी त्या पूर्वजांच्या नातवंडांचे बांध मोजले आहेत. एका हातभर बांधासाठी भावाने भावावर कोयता काढलेला मी पाहिला आहे. पण ते तू लिहू नकोस. प्राध्यापकांचा विरस होईल.

नकाशाबद्दल. खांब तू म्हणतोस तसे धोंड्यांवर टेकलेले आहेत. मधल्या ओळीतला, लाल खूण केलेला, तो नाभीचा खांब. तो घर बांधताना सगळ्यांत आधी उभा राहिला. त्याला तुझ्या मामीच्या आईचे लुगडे गुंडाळलेले आहे, तेही दाखवले आहे.

त्याच खांबाच्या बुंध्याशी मी एक आयत काढून त्यात तिरप्या रेषा भरल्या आहेत. तो धुण्याचा ओटा. सिमेंटचा. तो तुझ्या मामीचा पराक्रम. मागच्या वर्षी मकास्सरच्या इस्पितळातून ती परत आली आणि मी मोजणीसाठी बोनेला गेलो. आठवड्याने परतलो तर घराच्या पोटाखाली हे करडे गळू उठलेले. कुठल्यातरी परगावच्या गवंड्याकडून करून घेतले होते. गवंडी गेलाही होता. नाभीच्या खांबाजवळ कुणी धुण्याचे पाणी सांडते का? एखादा वेडासुद्धा असे करत नाही.

मी म्हणालो, "हे काय केलंस?"

ती म्हणाली, "विहिरीवर चिखल होतो. पाय घसरतो माझा."

"मग विहिरीवर बांधायचा."

"विहीर लांब आहे."

"सिमेंटानं खांब कुजेल, बेस्से. तुझ्या आईचा खांब आहे."

"कुजेल तेव्हा कुजेल. तोवर तुम्ही तरी असाल का?" असे म्हणून ती हसली आणि बादली घेऊन त्याच ओट्यावर जाऊन बसली.

मी त्या ओट्यावर कधी पाय ठेवला नाही. माझे कपडे मी अजूनही विहिरीवर धुतो.

बाकी मापे बरोबर आहेत. तपासून पाहायची गरज नाही.

मामा

*

बांडुंग
२ जुलै १९९३

प्रिय मामा,

नकाशा अप्रतिम! मी तो भिंतीवर लावलाय. प्राध्यापक दहा मिनिटं त्याच्यासमोर उभे होते. प्रबंधासाठी मी तो शाईत पुन्हा काढून घेतला.

तेवढा तो ओटा मात्र गाळला. तुम्ही रागावणार नाही हे ठाऊक आहे, तुम्हाला तो कधीच आवडला नव्हता. घराच्या मूळ रूपाशी त्याचा काही संबंध नाही. प्राध्यापकांनी तर फार छान वाक्य सांगितलं: "सिमेंट म्हणजे हालचालीला दिलेला नकार." मी ते प्रबंधात घेतलंय, पण ओटा नाही घेतला. मामी साधी बाई होती, तिला या गोष्टी कुठून कळणार? खेडोपाडी हल्ली हे सर्रास चाललंय. लोकांना आपल्याच वास्तूची भाषा समजेनाशी झालीय.

आता महत्त्वाचं. ३० जुलैचा शुक्रवार ठरलाय असं बेद्दूमामांनी कळवलं. त्या आठवड्यात जाकार्तात चर्चासत्र आहे आणि मला तिथं बोलायचंय. तुम्ही सगळ्यांना सांगून तो दिवस एक आठवडा पुढे ढकलता का? आणि माणसांना सारोंग नेसून यायला सांगा. खतांच्या कंपन्यांच्या टोप्या घालून येतात, त्यानं चित्र बिघडतं.

तुमचा,
अस्रुल

*

पादाली
१९ जुलै १९९३

चि. अस्रुल,

आज घरातले सामान उतरवले. कपाट, पेटी, तांदळाचा डबा, आरसा. आरसा शेजाऱ्यांकडे दिला आहे.

दिवस पुढे जाणार नाही. ऑगस्टच्या दोन तारखेला कालव्याचे पाणी सुटते. मग लोम्पोपर्यंत गुडघाभर चिखल. पाण्याच्या खात्याला तुझ्या चर्चासत्राचे कळवले असते, पण त्यांच्याकडे बांडुंगचा पत्ता नसावा. टोप्यांविषयीही मी कुणाला काही सांगणार नाही. उन्हात डोक्यावर काहीतरी लागते.

हस्ना परवा आली होती. माझ्यासाठी केळीच्या पानात उकडलेले गोड बारोंको घेऊन आली. जिन्याच्या पायरीवर बसली, वर आली नाही. म्हणाली, "दाएंग, घरासोबत तुम्हीही या की लोम्पोला. तुमची खोली तशीच ठेवू. खिडकीसुद्धा त्याच दिशेला ठेवू."

मी विचारले, "मला आत बसवून नेणार, की मी मागून चालत येऊ?"

"असं काय बोलता? लोक काय म्हणतील, मेहुणीनं उघड्यावर सोडलं असं म्हणतील."

"लोक म्हणतील म्हणून मी येऊ?"

ती उठून गेली. बारोंको ठेवून गेली. ते मी कोंबड्यांना घातले. कोंबड्यांना आवडले.

मी विहिरीजवळ पत्र्याची एक खोली बांधून घेतो आहे. तिला कुणी हलते म्हणणार नाही, वारा आला तरच.

काल घर उचलणाऱ्यांचा म्होरक्या ला सेम्मा येऊन सगळे पाहून गेला. तो आता फार म्हातारा झाला आहे, पण आवाज अजून तसाच. खांबांना आडवे बांबू कुठे बांधायचे तिथे त्याने कोळशाने खुणा केल्या. ओट्यावर काठी आपटून पाहिली. बेद्दूने आदराने विचारले, "हे अडवेल का हो, पुआंग?" सेम्मा म्हणाला, "बायकांचं काम ते. दोन बोटं जाडी असेल. पहिल्या हिसक्याला पापडासारखं सुटेल." दोघेही हसले. माझेही मत तेच होते.

तू तुझ्या मामीला साधी बाई म्हटले आहेस. मीही म्हणत असे. पण मी तिचा नवरा होतो, तू तिच्या हातचे खाल्लेला भाचा आहेस. पुन्हा लिहू नकोस.

मामा

*

जाकार्ता
२७ जुलै १९९३

प्रिय मामा,

घाईत लिहितोय. येता येत नाही, माझं भाषण शुक्रवारीच ठेवलंय. केवढा दैवदुर्विलास! मी इथं आपल्या घराच्या चालण्यावर बोलणार आणि तिकडं ते खरंच चालत असणार. तुम्ही सगळं नीट बघून मला लिहा: माणसं किती, हाक कशी देतात, कितीदा विसावा घेतात. शाळेतल्या मास्तरांकडे कॅमेरा आहे, त्यांना सांगा.

माफ करा, मागच्या पत्रात मामींबद्दल चुकून लिहिलं गेलं.

अस्रुल

*

पादाली
३१ जुलै १९९३

चि. अस्रुल,

काल शुक्रवार. नमाज झाल्यावर माणसे आली. ऊन कडक होते. तू विचारलेस तसे लिहितो.

लोम्पोची झाडून सगळी माणसे आली आणि आपल्या गावातलीही बरीच. मी मोजली नाहीत, तू मोजून घे. मास्तरांचा कॅमेरा मकास्सरला दुरुस्तीला गेलेला आहे. बहुतेकांच्या डोक्यावर खताच्या टोप्या होत्या. खांबांना बांबू बांधले, प्रत्येक बांबूला माणसे लागली. ला सेम्मा वर ओसरीत उभा राहिला. मी माझ्या हद्दीच्या दगडाजवळ उभा होतो. घर माझे नव्हते, म्हणून मी हात लावला नाही. जमीन माझी होती, म्हणून मी गेलोही नाही.

सेम्माने हाक दिली. सगळ्यांनी ती उचलून धरली आणि जोर केला. चारही कोपरे उठले. धोंड्यांवरून खांब सुटलेले मी पाहिले, खालून उजेड दिसला. मध्ये मात्र घर बसलेलेच होते. वरच्या फळ्या करकरल्या आणि छपराची पुढची कैची वाकली.

सेम्मा ओरडला, "ठेवा! खाली ठेवा! पाठ मोडेल घराची!"

ठेवले.

माणसे घाम पुसत हसू लागली. एकजण म्हणाला, "अरे, आत कोण बसलंय? रप्पेसाहेब आहेत का बघा." दुसरा म्हणाला, "साहेब तर तिकडे उभे आहेत, हद्दीच्या दगडासारखे." तिसरा म्हणाला, "मग ताईच बसल्या असतील. त्यांना लोम्पो आवडत नव्हतं." यावर हसू थांबले.

पुन्हा एकदा उचलून पाहिले. पुन्हा तेच. मग बेद्दूने पहार मागवली आणि ओट्याची कड फोडली. वरचा थर खरोखरच पापडासारखा सुटला. त्याच्या खाली नदीचे गोटे होते, त्यांच्या खाली सळ्या आडव्या-उभ्या बांधलेल्या, आणि त्यात खांबाचा बुंधा घट्ट धरलेला. पहार ठणठण वाजत राहिली. दोघांनी बाजूने खणून पाहिले. ते कमरेपर्यंत खड्ड्यात गेले तरी तळ लागला नाही.

बेद्दू म्हणाला, "करवत आणा. वरून कापू."

सेम्मा ओसरीतून खाली उतरला. इतक्या म्हाताऱ्या माणसाला मी इतक्या वेगाने जिना उतरताना पाहिले नव्हते. "नाभीचा खांब कापतोस? मग घर नेशील की मढं नेशील?"

"मग घण घालून फोडू."

"चार दिवस लागतील. तोवर पाणी सुटतं. आणि घणानं खांब चिरला तर तुझी पोरगी त्या घरात नांदेल का?"

"मग काय करायचं, पुआंग? शंभर माणसांचं जेवण शिजवून रिकाम्या हातांनी घरी जायचं? तोंड कुठं दाखवू मी?"

"ते मला नको विचारू. मी उचलणारा आहे, उपटणारा नाही."

दोन्ही गावांची माणसे एकदम बोलू लागली. कुणी म्हणाले, गवंडी शोधा. कुणी म्हणाले, घर रागावले आहे, बोकड द्या. बेद्दू माझ्याकडे वळला. "दाएंग, हे तुमचं काम. मोजणी करणाऱ्यांनाच असल्या युक्त्या सुचतात." त्याला उत्तर द्यायचे म्हणजे तो माणूस आहे हे मान्य करायचे, आणि काल मला ते जमण्यासारखे नव्हते.

तेव्हा हस्ना पुढे आली. नवऱ्याला हाताने बाजूला केले आणि खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली. सळईला हात लावला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही केलंत?"

"नाही. तिनं."

"कधी?"

"मकास्सरहून आल्यावर. मी बोनेला होतो."

"त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली होती," हस्ना म्हणाली. "एक रात्र मुक्कामाला राहिली. रात्रभर माझ्याशेजारी बसून होती. काहीतरी सांगायचं होतं तिला. मी विचारलं, काय ताई? म्हणाली, काही नाही, तुझ्याकडचा चहा छान असतो."

एकाने हातातली पहार खाली ठेवली.

हस्ना पुढे म्हणाली, आणि हे मी तिच्याच शब्दांत लिहितो आहे: "तोंडानं म्हणाली असती ना, हस्ना, माझ्यामागं माझ्या माणसाला घराबाहेर काढू नकोस, तर मी म्हटलं असतं, मला इतकी हलकी समजतेस काय ताई? जन्मभर तिच्याशी बोलले नसते. आणि घर तरी नेलंच असतं. तिला ठाऊक होतं ते. माझी बहीण होती ती."

मग उठली, सारोंगला हात पुसले आणि माणसांना म्हणाली, "बांबू सोडा रे."

बेद्दू म्हणाला, "अगं पण पोरीचं लग्न..."

"पोरीला दुसरं घर बांध. हात आहेत ना तुला? का फक्त दुसऱ्याचं उचलायलाच आहेत?"

माणसे हसली. यावेळी बेद्दूवर हसली. त्याच्यासाठी मला वाईट वाटले नाही.

जेवण लोम्पोला शिजवून ठेवलेले होते. हस्नाने ते टोपल्यांतून इकडे आणवले. "घर इथं, तर जेवणही इथंच." माझ्या जमिनीवर, झाडाखाली सगळे जेवले. मासा होता, बारोंको होते. बेद्दू जेवला नाही. जाताना हस्ना मला म्हणाली, "खड्डा बुजवून घ्या, दाएंग. कोंबडी पडेल." आणि गेली.

तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे: माणसे भरपूर. हाक नेहमीची. विसावा एकदाच घेतला, आणि तो अजून चालू आहे.

मामा

*

बांडुंग
१६ ऑगस्ट १९९३

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचून धक्काच बसला. घर तुमच्याकडे राहिलं याचा आनंद आहेच. पण माझी अडचण समजून घ्या. जाकार्तात मी दीडशे लोकांसमोर सांगून आलो की याच क्षणी दक्षिण सुलावेसीत एक घर शेतांवरून चालतंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता प्रबंधात काय लिहू?

प्राध्यापक म्हणतात, हा अपवाद समजावा आणि सोडून द्यावा. पण त्यांनीच एक उपायही सुचवलाय. मकास्सरला काँक्रीट कापायचं यंत्र भाड्यानं मिळतं. खांबाला धक्का न लावता एका दिवसात ओटा काढून टाकता येईल. खर्च आमचा विभाग देईल. पुढच्या कापणीनंतर घर नुसतं उचलायचं, चित्रण करायचं आणि पुन्हा जागेवर ठेवायचं. लोम्पोला न्यायची गरजच नाही. तुमचं घर तुमच्याकडे, माझा पुरावा माझ्याकडे. आणि त्या गळवापासून तुमची सुटका! तुम्हीच त्याला गळू म्हणाला होतात.

लवकर कळवा.

तुमचा,
अस्रुल

*

पादाली
२९ ऑगस्ट १९९३

चि. अस्रुल,

आज सकाळी पत्र्याची खोली मोडली. पत्रे शेजाऱ्याला कोंबड्यांच्या खुराड्यासाठी दिले. कपाट वर चढवले. आरसा आणला, त्याला एक चीर गेली आहे. चहा केला.

यंत्र पाठवू नकोस. पाठवलेस तर मी ते हद्दीच्या दगडापासून परत पाठवीन.

तुझ्या अडचणीवर मी विचार केला. तुझी अडचण अशी दिसते की तू दीडशे लोकांना जे सांगितलेस ते खरे नव्हते, आणि ते खरे करून दाखवण्यासाठी माझे घर एकदा हवेत उचलून पुन्हा खाली ठेवायला हवे. असे काम आमच्या खात्यातही होत असे. आधी सही, मग मोजणी. त्या माणसांना बढत्या मिळाल्या. तुलाही मिळेल, काळजी करू नकोस.

पण नकाशा माझ्या हातचा आहे, आणि माझ्या हातच्या नकाशातून कुणी काही गाळलेले मला चालत नाही. तो ओटा पुन्हा काढ. लांबी-रुंदी तुझ्याकडे आहे. खोली मी दिली नव्हती. ती मला ठाऊक नव्हती आणि मी विचारलीही नव्हती. बुजवायच्या आधी खड्ड्यात उतरून तळ लागेपर्यंत खणून पाहिले: सिमेंट माझ्या छातीपर्यंत आहे. तिचे काम मापात आहे. सळ्या सरळ आहेत, गाठी घट्ट आहेत. तिने गवंड्याशेजारी उभे राहून करून घेतले असणार. त्या वेळी तिला उभे राहवत नव्हते.

प्राध्यापकांचे ते सिमेंटविषयीचे वाक्य आहे तसेच ठेव. ते बरोबर आहे. फक्त ते कुणाचे आहे ते खाली लिही. बेस्से, रा. पादाली. पुढे साधी बाई वगैरे काही लिहू नकोस.

हे जमत नसेल तर मूळ नकाशा परत पाठव. पोस्टाचा खर्च मी देईन.

फुटलेली कड मी माती-सिमेंट कालवून लिंपली आहे. गवंड्यासारखी झालेली नाही. खांबाचे लुगडे सोडून पुन्हा नीट गुंडाळले.

जेवून झाले आहे. पत्र उद्याच्या टपालाने जाईल. एक सदरा आणि एक सारोंग सकाळपासून बादलीत भिजत आहेत. विहीर लांब आहे. खाली जातो आणि ओट्यावर बसून ते धुऊन टाकतो.

रप्पे